शर्यतीच्या घोड्यांतील कंडरा-इजा आणि अकाली निवृत्ती

८ जून २०१२ रोजी, अमेरिकेतील बेलमाँट स्टेक्स या शर्यतीच्या आदल्या दिवशी, 'आय'ल हॅव अनदर' हा तीन वर्षांचा घोडा शर्यतीतून मागे घेण्यात आला व त्याच वेळी त्याच्या निवृत्तीची घोषणाही करण्यात आली. केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या त्या वर्षीच्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या होत्या. तिसरी जिंकता तर १९७८ मधील 'अफर्म्ड'नंतर तिहेरी मुकुटाचा मान मिळविणारा तो पहिलाच घोडा ठरला असता. असा घोडा ऐन वेळी मागे घेण्याचे कारण काय, तर डाव्या पुढच्या पायाच्या कंडरेचा दाह. हाड मोडलेले नव्हते, रक्त आलेले नव्हते. नळीच्या मागील बाजूस थोडी सूज होती एवढेच, आणि ती काही महिन्यांच्या विश्रांतीने ओसरलीही असती. दुसऱ्या दिवशी बेलमाँटच्या मैदानावर तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन प्रेक्षकांचा निरोप घेऊन गेला.

पाहणारास जी इजा किरकोळ वाटते तीच शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द संपविण्यास पुरेशी का ठरते, हा प्रश्न शरीररचना, यांत्रिकी, ऊतिविज्ञान आणि अर्थकारण या चारही अंगांनी पाहण्याजोगा आहे. अस्थिभंगाचे दृश्य भयानक असते व वृत्तपत्रांत त्याचाच गाजावाजा होतो; मृदू ऊतींची इजा तबेल्याच्या भिंतीआड राहते. तथापि शर्यतीतून बाद होणाऱ्या घोड्यांच्या नोंदी पाहता या दुसऱ्या वर्गाचे महत्त्व अस्थिभंगापेक्षा कमी मानण्याचे कारण दिसत नाही.

प्रथम रचना पाहू. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, म्हणजे मधल्या, बोटाच्या टोकावर उभा असतो. त्याच्या पुढच्या पायात ज्यास व्यवहारात गुडघा म्हणतात तो वस्तुतः मनुष्याच्या मनगटाशी समरूप असलेला सांधा होय. त्याखाली नळीचे हाड, आणि नळी व खुर यांच्या दरम्यान तबेल्यात ज्यास फेटलॉक म्हणतात तो सांधा. गुडघ्याखाली कार्यक्षम असा स्नायू जवळजवळ नाहीच. स्नायूंचे मांसल भाग वर राहिले आहेत आणि त्यांचा जोर खाली पोचविण्याचे काम लांब कंडरांकडे आले आहे. पायाचे टोक हलके असले म्हणजे ते झपाट्याने पुढे-मागे नेता येते, हा या योजनेचा लाभ. नळीच्या मागे त्वचेखालोखाल उत्तान अंगुलि-आकोचनी कंडरा, तिच्या पुढे गभीर अंगुलि-आकोचनी कंडरा, आणि हाडाला लागून निलंबी अस्थिबंध अशी मांडणी आहे. हा निलंबी अस्थिबंधही मुळात स्नायूच होता. उत्क्रांतीच्या ओघात त्याचे मांस जाऊन तंतूच उरले.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा सांगितल्या आहेत, आणि स्नायू हा शब्द त्याने मांसासाठी योजलेला नसून बांधून ठेवणाऱ्या चिवट तंतुमय भागांसाठी योजला आहे. मराठीत पुढे स्नायू हा शब्द मांसपेशीस चिकटला. यामुळे जुने ग्रंथ वाचताना पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याची हमखास फसगत होते. प्रस्तुत लेखात कंडरा म्हणजे स्नायूस हाडाशी जोडणारा आणि अस्थिबंध म्हणजे हाडास हाडाशी जोडणारा तंतुपट्ट, असाच अर्थ अभिप्रेत आहे.

उत्तान कंडरेची जाडी मध्यावर सुमारे एक चौरस सेंटिमीटर भरते. साडेचारशे ते पाचशे किलोग्रॅम वजनाचा थरोब्रेड घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने चौखूर धावतो तेव्हा टेकलेल्या पुढच्या पायावर शरीरभाराच्या सुमारे अडीचपट बल येते. फेटलॉकचा सांधा जमिनीकडे दबतो, मागच्या कंडरा ताणल्या जातात, आणि पाय उचलला जाताना त्या आखडून साठविलेली ऊर्जा परत देतात. पिंजाऱ्याची तात ज्याप्रमाणे ठोका घेऊन लगेच उसळते त्याप्रमाणेच ही क्रिया चालते. घोड्याच्या धावेतील मितव्यय बहुतांशी या उसळीवर अवलंबून आहे. प्रत्येक पावलाची सारी ऊर्जा स्नायूंनी नव्याने पुरवावयाची म्हटली तर असा वेग टिकणेच अशक्य होईल.

परंतु तातेला जेवढी अधिक उसळी हवी तेवढी ती अधिक ताणली पाहिजे. जिवंत घोड्यांच्या कंडरेत मापके बसवून घेतलेल्या मोजणीत असे आढळले की, भरधाव वेगात उत्तान कंडरेची लांबी सोळा टक्क्यांपर्यंत वाढते. उलटपक्षी, प्रयोगशाळेत वेगळी काढलेली कंडरा यंत्रावर ताणली असता ती साधारणतः बारा ते वीस टक्के वाढीच्या दरम्यान तुटते. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे मूळ अडचण स्पष्ट होते. पूल बांधणारा अभियंता नेहमीच्या भाराच्या कित्येक पट भार सोसेल असे तुळईचे माप धरतो; घोड्याच्या पायात निसर्गाने असे अंतर जवळजवळ ठेवलेले नाही. रानातील घोड्यास हिंस्र पशूपासून क्वचित व थोडा वेळ पळावे लागे, त्यास ही योजना पुरेशी होती. एक मैलाच्या शर्यतीत हेच ताणणे प्रत्येक पायाला सुमारे अडीचशे वेळा घडते, आणि सरावातील पावले त्याहून कितीतरी अधिक असतात.

याचा अर्थ इजा एखाद्या वाकड्या पावलामुळे होते असा केला जातो, व मालक मंडळींना तो पटतोही. एखाद्या चुकीच्या पावलाने तोल जाऊन कंडरा फाटल्याची उदाहरणे आहेत. पण बहुसंख्य प्रकरणांत शेवटचे पाऊल हे निमित्तमात्र असते. इजा झालेल्या पायाच्या जोडीला असलेला, वरकरणी निरोगी दिसणारा पाय तपासला तर त्याही कंडरेत ऱ्हासाच्या खुणा वारंवार आढळतात. बाह्य लक्षणाविना दीर्घकाळ चाललेली झीज एका बाजूस प्रथम उघडकीस आली, इतकेच.

ही झीज कशी होते याविषयी दोन गोष्टी बऱ्याच निश्चितपणे सांगता येतात. पहिली उष्णतेची. ताणलेली कंडरा आखडताना साठविलेल्या ऊर्जेपैकी पाच ते दहा टक्के भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. कंडरेत रक्तपुरवठा अल्प, आणि मध्यभागातून उष्णता बाहेर पडण्यास वाव कमी. विल्सन आणि गुडशिप यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात धावत्या घोड्यांच्या उत्तान कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान नोंदले आहे. नमुनेदार इजेत फाटलेला भाग नेमका कंडरेच्या मध्यभागी सापडतो, हे या संदर्भात लक्षणीय आहे. मात्र त्यावरून 'गाभा भाजतो' असा सोपा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण कंडरेतील कोशिका इतके तापमान थोडा वेळ सहन करतात असे त्यांच्या संवर्धनावरील प्रयोगांत दिसून आले आहे. कोशिका तगतात, पण त्यांच्या भोवतालच्या द्रव्याची हानी होत असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक.

दुसरी गोष्ट वयाची. कंडरेचे मुख्य द्रव्य कोलॅजेन. त्याचे तंतू विश्रांतीत बारीक लहरीयुक्त असतात आणि ताणाच्या आरंभी या लहरी सरळ होतात. वय व परिश्रम यांनी गाभ्यातील तंतूंच्या लहरी कडेच्या तंतूंपेक्षा अधिक सपाट होतात. परिणामी भार येताच गाभ्याचे तंतू आधी ताठ होतात आणि अवाजवी वाटा उचलतात. तंतूंचे जुडगे परस्परांवरून घसरण्यास मदत करणारे मधले द्रव्यही वयपरत्वे ताठर होते. याची भरपाई शरीर का करीत नाही? उत्तर विलक्षण आहे. थॉर्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या गणनेनुसार या कंडरेतील कोलॅजेनचा अर्धा भाग बदलण्यास सुमारे १९८ वर्षे लागतील. घोड्याचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे. तेव्हा व्यवहारतः असे म्हणावयास हरकत नाही की, शिंगरूवयात विणलेलीच कंडरा घोड्यास जन्मभर वापरावी लागते. हाड सरावाने घट्ट होते, स्नायू भरतो, हृदय मोठे होते. प्रौढ उत्तान कंडरा मात्र सरावाने बलवत्तर झाल्याचे दिसत नाही. म्हणजे प्रशिक्षण जसजसे यशस्वी होते तसतसा घोडा वेगवान होतो, आणि त्या वेगाचा भार न बदललेल्या कंडरेवर पडतो.

इजा झाल्यानंतरची कथा याहून निराशाजनक आहे. पहिल्या काही दिवसांत दाह, नंतरच्या काही आठवड्यांत घाईघाईने भरलेले नवे ऊतक, आणि त्यापुढे महिनोन्‌महिने त्याची पुनर्रचना असा क्रम असतो. भरून आलेल्या भागात आरंभी तिसऱ्या प्रकारचे, अधिक बारीक व कमी बळकट कोलॅजेन पुष्कळ असते आणि तंतूंची दिशाही अस्ताव्यस्त असते. कालांतराने पहिल्या प्रकारचे कोलॅजेन वाढते, दिशा सुधारते. परंतु व्रणऊतक अखेर व्रणऊतकच राहते. ते दुबळे असते असे समजणे चुकीचे आहे. पुष्कळदा ते मूळ कंडरेहून ताठ व जाड असते, आणि अडचण त्या ताठपणातच आहे. ताठ भाग ताणत नाही, म्हणून त्याच्या वरच्या व खालच्या निरोगी भागांस अधिक ताणावे लागते. दुसरी इजा अनेकदा जुन्या व्रणाच्या सीमेवर होते ती यामुळेच. नऊ ते अठरा महिने विश्रांती देऊन नंतर मैदानावर आणलेल्या घोड्यांपैकी सुमारे निम्मे पुन्हा जायबंदी होतात, असे ब्रिटनमधील अनुभवावरून दिसते.

उपचारांच्या इतिहासात डागणीचे स्थान मोठे आहे. तापलेल्या लोखंडाने पायावर रेघा किंवा ठिपके उमटविणे ही रीत युरोपात शतकानुशतके चालत आली. आपल्याकडेही लंगडणाऱ्या बैलाला वा घोड्याला डाग देण्याची चाल सर्वपरिचित आहे, आणि सुश्रुतसंहितेतही त्वचा, मांस, सिरा, स्नायू, संधी व अस्थी यांच्या विकारांत अग्निकर्म सांगितले आहे. जुनाट मंद दाह तीव्र करून तो लवकर बरा करावा, अशी या उपचारामागची कल्पना. तिची कसोशीची परीक्षा ब्रिस्टल येथे इयान सिल्व्हर व सहकाऱ्यांनी केली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: डागण्याने कंडरा भरून येण्यास कोणताच लाभ होत नाही, त्वचेची मात्र हानी होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेने १९९१ मध्ये हा उपचार नीतिबाह्य ठरविला. डागलेले घोडे पुढे धावत असत हे खरे. पण डागल्यानंतर त्यांना सक्तीची दीर्घ विश्रांती मिळे, व श्रेय लोखंडास जाई.

१९८० नंतर श्राव्यातीत ध्वनींनी कंडरेचे चित्र घेण्याची पद्धत रुळली आणि निदानाचे स्वरूपच पालटले. बोटांना लागणाऱ्या सुजेऐवजी गाभ्यातील काळी पोकळी प्रत्यक्ष दिसू लागली, तिचे क्षेत्रफळ मोजता येऊ लागले, आणि विश्रांती किती द्यावयाची याचा निर्णय अंदाजावर अवलंबून राहिला नाही. २००३ मध्ये रॉजर स्मिथ व सहकाऱ्यांनी घोड्याच्या स्वतःच्याच अस्थिमज्जेतील मूलकोशिका वाढवून या पोकळीत टोचण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात अशा उपचारानंतर शर्यतीच्या घोड्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या थोडे वर आढळले. हे यश निश्चितच मोठे. परंतु हे घोडे जवळजवळ सर्व अडथळ्यांच्या शर्यतींतील होते, तुलना जुन्या नोंदींशी होती, आणि खर्चिक उपचार ज्यांच्यावर केला जातो त्या घोड्यांची पुढील निगाही अधिक काळजीने घेतली जाते. सपाट मैदानावरील वेगवान घोड्यांस हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

आता निवृत्तीच्या आकड्यांकडे वळू. जपानमध्ये १९९९ मधील दहा हजारांहून अधिक थरोब्रेड घोड्यांच्या नोंदींवरून पुढच्या पायाच्या उत्तान कंडरेचा दाह सुमारे ११ टक्के व निलंबी अस्थिबंधाचा दाह साडेतीन टक्क्यांच्या आसपास आढळला. हाँगकाँगमधील १९९२ ते २००४ या कालातील निवृत्तींचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १४ टक्के निवृत्ती कंडरेच्या इजेमुळे झाल्याचे नोंदले आहे. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींसाठी तयार होत असलेल्या घोड्यांची ध्वनिचित्रे घेतली तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या कंडरेत नव्या वा जुन्या इजेच्या खुणा होत्या.

हे आकडे एकाच मापाचे नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. पहिला रोगाचे प्रमाण सांगतो, दुसरा मालकाच्या निर्णयाचे, तिसरा चित्रात दिसणाऱ्या बदलाचे. त्यांतही 'निवृत्ती' ही संज्ञा सर्वांत फसवी. एकाच प्रतीची इजा झालेला घोडा एका देशात निवृत्त होतो व दुसऱ्यात वर्षभराने पुन्हा धावतो. हाँगकाँगमध्ये घोड्यांची पैदास होत नाही. प्रत्येक घोडा बाहेरून आणावा लागतो, बहुतेक खच्ची केलेले असतात, आणि दाटीवाटीच्या त्या शहरात वर्षभर विश्रांतीसाठी सोडावयास कुरणे नाहीत. तेथे कंडरा गेलेला घोडा ठेवून घेणे म्हणजे मर्यादित जागेपैकी एक जागा अडविणे होय. इंग्लंड-आयर्लंडमधील अडथळ्यांच्या शर्यतींतील घोडा मात्र अनेकदा सात-आठ वर्षांचा होईतो ऐन भरात येतो; त्याच्या मालकास कुरणही असते आणि धीरही. म्हणून तेथे रोगाचे प्रमाण अधिक असूनही प्रत्येक रुग्ण निवृत्त होत नाही. 'आय'ल हॅव अनदर'च्या बाबतीत तिसराच हिशेब होता: तो नर होता, दोन महान शर्यतींचा विजेता होता, आणि पैदाशीसाठी त्याची किंमत धावून वाढण्यापेक्षा धावून घटण्याचाच संभव अधिक. तो पुढे जपानमधील अश्वपैदास केंद्रास विकला गेला. खच्ची केलेल्या घोड्यास, किंवा सामान्य कुळातील घोडीस, हा मार्ग मोकळा नसतो. कंडरेची इजा मारक नाही. परंतु तीमुळे ज्याचे मोल संपते त्या चार-पाच वर्षांच्या घोड्याची पुढील वीस वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात उमटत नाही.

प्रतिबंधाच्या दृष्टीने मैदानाची कठिणता हा घटक बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. ब्रिटनमधील अडथळ्यांच्या शर्यतींत कोरड्या, टणक भूमीवर कंडरेच्या इजा अधिक आढळतात. या बाबतीत महाराष्ट्रातील परिस्थिती अभ्यासकास आयता प्रयोग पुरविते. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर हिवाळा-उन्हाळ्यात आणि पुण्यास पावसाळ्यात शर्यती होतात, व पुष्कळसे तेच घोडे एका वर्षात दोन्ही मैदानांवर धावतात. वयाचा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. दुसऱ्या वर्षीच घोडा पळविणे क्रूर मानले जाते. तथापि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील नोंदींत दुसऱ्या वर्षी शर्यतीस उतरलेल्या घोड्यांची कारकीर्द उलट अधिक लांब आढळली. कंडरा वाढत्या वयातच भारास अनुरूप होते, या ऊतिविज्ञानातील मताशी हे जुळते. परंतु जे घोडे दुसऱ्या वर्षी धावू शकले ते मुळातच धडधाकट असणार, हा आक्षेपही तितकाच सबळ आहे. नियतकालिक ध्वनिचित्रांवर मोठी भिस्त होती. पण कंडरेचे क्षेत्रफळ वेळोवेळी मोजूनही येणाऱ्या इजेची पूर्वसूचना मिळत नाही, असेच ब्रिटनमधील उपर्युक्त पाहणीत दिसले. मोतद्दार सकाळ-संध्याकाळ दोन्ही नळ्यांवरून हात फिरवून ऊब व जाडी ताडून पाहतो, ती रीत त्यामुळे अद्याप कालबाह्य झालेली नाही.

शेवटी आनुवंशिकतेचा मुद्दा, कारण अकाली निवृत्ती आणि पैदास यांची गाठ येथे पडते. उत्तान कंडरेच्या इजेची प्रवणता अल्प ते मध्यम प्रमाणात आनुवंशिक असल्याचे जपान, हाँगकाँग व ब्रिटन येथील गणनांत आढळले आहे. जपानमध्ये 'फुजी किसेकी' १९९५ मध्ये, 'अॅग्नेस टॅकिऑन' २००१ मध्ये आणि 'किंग कामेहामेहा' २००४ मध्ये कंडरेच्या दाहामुळे निवृत्त झाले. पहिले दोन तर चारच शर्यती धावून, चारही जिंकून. तिघेही पुढे नामांकित जनक ठरले. 'अॅग्नेस टॅकिऑन' २००८ मध्ये जपानच्या जनकांत अग्रस्थानी होता. त्याच वर्षी त्याच्या 'दाइवा स्कार्लेट' या घोडीने अरिमा किनेन व 'डीप स्काय' या घोड्याने जपानी डर्बी जिंकली, आणि २००९ मध्ये ती दोघेही कंडरेच्या दाहानेच निवृत्त झाली. एवढ्यावरून पित्यास दोष देता येणार नाही. त्याची संतती शेकड्यांनी मोजावी लागते, आणि ज्या समूहात दर नऊ घोड्यांमागे एकास हा विकार होतो त्यात पित्याबरोबर त्याची दोन नामवंत अपत्येही सापडणे योगायोगानेही घडू शकेल. या प्रश्नाचा निर्णय लागावयाचा तर अशा जनकांच्या सर्व संततीच्या, विशेषतः ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशा घोड्यांच्या, पायांच्या नोंदी हाताशी असणे आवश्यक आहे.